अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे आणि स्तनपान : 'त्यांच्यात पद्धतच नाही' हे कितपत खरे?

वैदेही_अटलांटा | ११ ऑगस्ट, २१:४०

अटलांटाच्या दक्षिणेकडच्या एका रुग्णालयात मी गेली अकरा वर्षे बाळंतिणींच्या विभागात परिचारिका आहे आणि त्यांतली शेवटची पाच वर्षे स्तनपान सल्लागार म्हणूनही काम करते आहे. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ बाळंतिणी कृष्णवर्णीय असतात. गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी जाता जाता लिहिले होते, की "त्या लोकांत अंगावर पाजायची पद्धतच नाही." हेच वाक्य मी कामावरच्या जेवणाच्या खोलीत ऐकले आहे आणि आपल्या मंडळींच्या हळदीकुंकवातही ऐकले आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हेही मला ठाऊक आहे. तरीही ते चूक आहे, आणि का चूक आहे हे सविस्तर लिहावेसे वाटले.

अमेरिकेत २०१९ मध्ये जन्मलेल्या बाळांच्या जन्मनोंदी पाहिल्या तर एकूण ८४.१ टक्के बाळांना सुरुवातीला आईचे दूध मिळालेले दिसते. आशियाई मातांच्या बाळांमध्ये हे प्रमाण ९०.३ टक्के आणि कृष्णवर्णीय मातांच्या बाळांमध्ये ७३.६ टक्के होते. तफावत मोठी आहे, हे कोणी नाकारत नाही. मात्र चौघींपैकी जवळजवळ तिघी जी गोष्ट सुरू करतात, तिला 'पद्धत नाही' असे कसे म्हणता येईल? खरा प्रश्न असा आहे, की सुरू केलेले पुढे तुटते कुठे.

मागच्या महिन्यातला एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिलटकरीण, साधे बाळंतपण, शुक्रवारी रात्री बाळ झाले. आमच्याकडे शनिवार-रविवारी सल्लागार नसते. रविवारी दुपारी मी जादा पाळीवर गेले, तेव्हा बाळ गाढ झोपले होते, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, आजी खुर्चीत बसून होत्या, आणि पाळण्याखालच्या खणात तयार फॉर्म्युलाच्या, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायच्या कृत्रिम दुधाच्या, छोट्या बाटल्यांचे खोके होते. त्यांतल्या चार बाटल्या संपलेल्या होत्या. अशा एका बाटलीत दोन औंस, म्हणजे साधारण ५९ मिलिलिटर दूध असते. पहिल्या चोवीस तासांत बाळाला एका वेळी लागतो तो फक्त दोन ते दहा मिलिलिटर चीक. बाटली रिकामी केलेले बाळ चार-चार तास हलत नाही, मग आईला वाटते की आपल्या दुधाने त्याचे पोट भरतच नव्हते, आजी म्हणतात की मी कधीची सांगत होते, आणि बाळ छातीशी न लागल्यामुळे दूध उतरायला खरोखरच उशीर होतो. या बाईच्या कागदावर दाखल होतानाच 'अंगावर पाजण्याची इच्छा : होय' असे लिहिलेले होते. बाटल्या कोणी आणून ठेवल्या, हे मी विचारले. कोणालाच सांगता आले नाही.

मी तिला हाताने चीक काढायला शिकवले. प्लॅस्टिकच्या चमच्यात पाच-सहा थेंब जमले, पिवळेधमक, मधासारखे दाट. ती बराच वेळ त्या चमच्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "हे माझे आहे?"

अशा खोल्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत, पण माझ्या अनुभवावर जाऊ नका. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०११ मधील प्रसूतिगृहांच्या पाहणीचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या टपाल विभागांत कृष्णवर्णीय वस्ती राष्ट्रीय सरासरीहून, म्हणजे १२.२ टक्क्यांहून, जास्त होती, तिथली ४६ टक्के रुग्णालये जन्मानंतर लगेच स्तनपान सुरू करून देण्याचा निकष पाळत होती; इतर विभागांत हे प्रमाण ५९.९ टक्के होते. बाळाला आईच्या खोलीतच ठेवण्याच्या निकषावर २७.७ विरुद्ध ३९.४ टक्के, आणि गरज नसताना वरचे दूध न देण्याच्या निकषावर १३.१ विरुद्ध २५.८ टक्के. ज्या वस्तीला मदतीची गरज अधिक, तिथेच ती कमी मिळत होती.

या विषयाशी संबंध आलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी जरूर लिहावे.

सह्याद्री_७१ | ११ ऑगस्ट, २३:०५

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. उत्पन्न, शिक्षण, आई एकटी आहे की सोबत नवरा आहे, कामावर किती लवकर परतावे लागते, या सगळ्या गोष्टी तुम्ही रुग्णालयाच्या खात्यावर टाकत आहात असे वाटते. गरीब बाई कोणत्याही वर्णाची असो, तिला कमीच वेळ मिळणार. मग यात वर्णाचा मुद्दा स्वतंत्रपणे काढण्याचे कारण काय?

वैदेही_अटलांटा | १२ ऑगस्ट, ०७:१५

सह्याद्री, शंका रास्त आहे. उत्पन्नाचा आणि नोकरीचा वाटा आहेच, आणि त्यावर कोणी कायद्याचे जाणकार लिहितील अशी आशा आहे. परंतु बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी अकादमीच्या नियतकालिकात २०१६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात श्वेत आणि कृष्णवर्णीय मातांमधील तफावतीची कारणे एकेक करून तपासली होती, आणि त्यांत रुग्णालयातच फॉर्म्युला सुरू होणे हे एक मोठे कारण निघाले.

दुसरा पुरावा मला अधिक पटतो, कारण तो नुसते कारण सांगत नाही, उपाय करून दाखवतो. मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी आणि टेक्सास या राज्यांतल्या ३३ रुग्णालयांत २०१४ ते २०१७ या काळात 'चॅम्प्स' नावाचा उपक्रम चालला. बाळ जन्मताच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, रात्रंदिवस तिच्याच खोलीत राहू द्यायचे, वैद्यकीय कारण असल्याशिवाय बाटली आणायची नाही. यात नवे काहीच नाही. एकतीस महिन्यांत तिथल्या कृष्णवर्णीय मातांमधील स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण ४६ वरून ६३ टक्क्यांवर गेले आणि निव्वळ स्तनपानाचे १९ वरून ३१ वर. अडीच वर्षांत त्या भागातल्या बायकांचे उत्पन्न किंवा शिक्षण असे काय बदलणार? बदलली ती रुग्णालयाची रीत.

डॉ_मृदुला | १२ ऑगस्ट, १०:३०

मी उत्तर कॅरोलिनात बालरोगतज्ज्ञ आहे. वैदेहीताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे, मात्र बाळंतिणींना मदत करायची म्हटले, तर तीत दोन वैद्यकीय गोष्टी आल्याच पाहिजेत, कारण त्या गडद त्वचेशी संबंधित आहेत आणि म्हणून आपल्यालाही लागू आहेत.

पहिली गोष्ट ड जीवनसत्त्वाची. आमच्याच राज्यातल्या दोन वैद्यकीय केंद्रांत १९९० च्या दशकात मुडदूस (हाडे मऊ पडण्याचा रोग) झालेली ३० बालके आढळली. सगळी आफ्रिकी-अमेरिकी आणि सगळी अंगावर पिणारी. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व कमी असते आणि गडद त्वचेला ते उन्हातून तयार करायला अधिक वेळ लागतो. यावरचा उपाय दूध तोडणे हा नव्हे, तर रोज ४०० एककांचे थेंब देणे हा आहे, आणि अकादमी २००८ पासून तसेच सांगते आहे. थेंबांविषयी सांगायला विसरायचे आणि पुढे मुडदूस निघाला की आईच्या दुधाला नावे ठेवायची, हा प्रकार मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट स्तनदाहाची. पाठ्यपुस्तकात 'त्वचा लाल होते' असे लिहिलेले असते आणि शेजारच्या छायाचित्रात गोरी त्वचा असते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो लालसरपणा दिसतच नाही. तिथे त्वचा नेहमीपेक्षा गडद किंवा जांभळट दिसते, हाताला गरम लागते, दाटलेली गाठ कळते आणि बाईला थंडी वाजून ताप भरतो. केवळ लाली दिसली नाही म्हणून 'दूध दाटले असेल, शेक घ्या' असे सांगून घरी पाठवलेली बाई दोन दिवसांनी गळू घेऊन परत आलेली मी पाहिली आहे. शिकणाऱ्या परिचारिकांना मी आता डोळ्यांआधी हात वापरायला सांगते.

मनवा | १२ ऑगस्ट, १३:५०

धागा महत्त्वाचा आहे हे मान्य करूनही थोडे वेगळे लिहिते. माझ्या दोन्ही मुली फॉर्म्युलावर वाढल्या, कारण माझे दूध पुरले नाही, आणि प्रयत्नांत कसूर नव्हती. त्या काळात मला जी टोचणी लावण्यात आली ती मी अजून विसरलेले नाही. ज्या बाईला आठवड्याला साठ तास काम करायचे आहे आणि जिच्या वर्णाकडे पाहून आधीच बोटे दाखवली जातात, तिच्यापुढे स्तनपानाचा आणखी एक मापदंड उभा करू नये असे वाटते. बाटलीतले दूध म्हणजे विष नव्हे.

वैदेही_अटलांटा | १२ ऑगस्ट, १९:२०

मनवा, तुझे म्हणणे मला मनापासून मान्य आहे. विचारपूर्वक बाटली निवडलेल्या आईला मी पाणी किती उकळायचे, पावडर कशी मोजायची हे तितक्याच काळजीने शिकवते. माझा आक्षेप बाटलीवर नाही. जिने 'होय' लिहिले तिच्या खोलीत न विचारता बाटली येते, यावर आहे.

इतिहासाचा विषय टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांना मालकाच्या मुलांना पाजायला लावले जाई आणि त्यांची स्वतःची तान्ही मागे उपाशी राहत. ज्या घरांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, त्या घरांतल्या काही पणज्यांना अंगावर पाजणे ही दुसऱ्याची चाकरी वाटली तर नवल नाही.

त्यानंतर बाजार आला. उत्तर कॅरोलिनातील रीड्सव्हिल येथे २३ मे १९४६ रोजी फुल्ट्झ कुटुंबात चार जुळ्या मुली जन्मल्या; एकसारख्या कृष्णवर्णीय चतुर्जुळ्यांची नोंद झालेली ही पहिलीच घटना. आई अ‍ॅनी मे हिला ऐकू येत नव्हते आणि बोलता येत नव्हते. बाळंतपण केलेल्या श्वेत डॉक्टरने मुलींची नावे स्वतःच्या नातेवाइकांवरून ठेवली आणि दूध कंपन्यांशी बोलणी केली. त्यांतून पेट मिल्क ही कंपनी पुढे आली, आणि या चौघींची छायाचित्रे वापरून कृष्णवर्णीय घरांत डब्यातले दूध खपवण्यात आले. कुटुंबाला शेतजमीन मिळाली, परिचारिका मिळाली, दूध मिळाले. जाहिरातीतून झालेल्या नफ्याच्या मानाने ते फारच थोडे होते. 'त्यांच्यात पद्धत नाही' असे म्हणताना पद्धत मोडण्यासाठी किती पैसा ओतला गेला, हेही कोणीतरी मोजावे.

कलम_आणि_पोटकलम | १२ ऑगस्ट, २२:१०

वैदेहीताईंनी हाक दिलीच आहे, तर कायद्याची बाजू मांडतो.

आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत मंजूर झाली. ११८ मते बाजूने पडली आणि विरोधात एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ मध्ये शिशुआहाराच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. तशी बंदी अमेरिकेत नाही. म्हणून तिथे प्रसूतिगृहातून निघताना फॉर्म्युला कंपनीची भेटपिशवी हातात पडू शकत होती, आणि भारतातून गेलेल्या माणसाला ती पाहून धक्का बसायचा.

रजेविषयी सांगायचे तर, १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने मिळतात ते बारा आठवडे, विनावेतन. आणि तेही ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत, वर्षभर नोकरी आणि त्यात १,२५० तास काम झालेले असेल तरच. छोट्या दुकानात, घरकामात किंवा दोन अर्धवेळ नोकऱ्यांत असलेली बाई यातून सहज बाहेर पडते, आणि कृष्णवर्णीय स्त्रिया अशा कामांत मोठ्या संख्येने आहेत. विनावेतन रजा परवडत नाही, म्हणून पात्र असलेलीही अनेकदा ती घेत नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने विम्यातून दूध काढण्याचा पंप आणि सल्ला मिळू लागला, आणि २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या कायद्याने कामाच्या जागी दूध काढायला वेळ आणि स्वच्छतागृह सोडून वेगळी आडोशाची जागा मिळण्याचा हक्क आणखी लाखो स्त्रियांपर्यंत पोहोचला. कागदावर हे चांगले आहे. सहाव्या आठवड्यात गल्ल्यावर परतलेल्या बाईला तो हक्क माहीत असतो का आणि मागितल्यास पाळी कापली जाणार नाही याची खात्री असते का, हे वेगळे प्रश्न आहेत.

गोदाकाठ | १३ ऑगस्ट, ०६:४५

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि वाहन उद्योगात आहे. या विषयात अधिकार काहीच नाही. परंतु आमच्या शहरातील एक प्रकरण इथे सांगण्यासारखे आहे. २०१४ च्या सुमारास ओरेगन राज्यातील एका कंपनीने डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीय मातांकडून औंसाला एक डॉलर दराने दूध विकत घेण्याचा बेत आखला, आणि वर असेही सांगितले की यामुळे त्या बायका अधिक काळ पाजत राहतील. कागदावर हिशेब गोंडस दिसत होता. शहरातील ब्लॅक मदर्स ब्रेस्टफीडिंग असोसिएशनने जाहीर पत्र लिहून विचारले, की इथल्याच बाळांना आईचे दूध कमी मिळत असताना ते विकत नेऊन चढ्या भावाने रुग्णालयांना विकण्यात इथल्या मुलांचे हित कोणते? वैदेहीताईंनी सांगितलेला गुलामगिरीचा इतिहास त्या पत्रामागे होताच. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने बेत मागे घेतला.

हे वाचताना मला मुंबईच्या शीव रुग्णालयातील दुग्धपेढी आठवली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली आणि ती आशियातील पहिली मानली जाते. माझी बहीण तिथे काही दिवस दूध देत असे. शेजारच्या वॉर्डातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दिलेले दूध आणि औंसाच्या भावाने विकलेले दूध, यांतला फरक तिला कोणी समजावून सांगावा लागला नसता.

सह्याद्री_७१ | १३ ऑगस्ट, ०८:३०

माझ्या शंकेचे बरेचसे निरसन झाले. चॅम्प्सचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. एक गोष्ट मात्र अजून खटकते. जागतिक स्तनपान सप्ताह ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असतोच. मग २५ ते ३१ ऑगस्ट हा वेगळा 'ब्लॅक ब्रेस्टफीडिंग वीक' कशासाठी? उपाय सगळ्यांसाठी सारखेच असतील, तर वेगळी चूल मांडण्याने काय साधते?

वैदेही_अटलांटा | १३ ऑगस्ट, २०:५५

तो आठवडा २०१३ मध्ये किंबर्ली सील्स अ‍ॅलर्स, किडाडा ग्रीन आणि अनाया सांगोडेले-अयोका या तिघींनी सुरू केला. गोदाकाठ यांनी उल्लेखलेल्या डेट्रॉइटच्या संस्थेच्या संस्थापक याच किडाडा ग्रीन. त्यांनी दिलेल्या कारणांत पहिले कारण बालमृत्यूचे आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत दर हजार जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांची सुमारे १०.९ बाळे वर्षाच्या आत दगावली आणि श्वेत मातांची ४.५. अपुऱ्या दिवसांची बाळे त्यांच्यात अधिक असतात आणि अशा बाळांच्या आतड्याला आईच्या दुधाचे संरक्षण सर्वांत जास्त लागते. तेव्हा ही चूल हौसेने मांडलेली नाही.

दुसरे कारण मी रोज पाहते. स्तनपान सल्लागारांचा व्यवसाय इथे प्रामुख्याने श्वेत स्त्रियांचा आहे. प्रमाणपत्रासाठी किमान ९५ तासांचे विशेष शिक्षण, आरोग्यशास्त्राचे विषय आणि शेकडो तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तो अनुभव बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतो. ज्यांना सहा महिने बिनपगारी काम परवडते, त्याच सल्लागार होतात. म्हणून उत्तर कॅरोलिनातील जॉन्सन सी. स्मिथ आणि ए अँड टी या मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांत या शिक्षणाचे वर्ग निघाले, ही मला मोठी गोष्ट वाटते. आमच्या अटलांटा परिसरात किमारी बग यांची 'रोझ' ही संस्था २०११ पासून हेच करते आहे, आणि सरकारी पोषण योजनेच्या केंद्रांत वस्तीतल्याच अनुभवी आया नव्या आयांना मदत करतात.

माझ्यापुरते सांगायचे, तर मी सावळी असले तरी त्यांच्यातली नाही, आणि खोलीत शिरताच हे दोन्ही बाजूंना कळते. माझी कृष्णवर्णीय सहकारी तेच वाक्य बोलते आणि बाई उठून बसते; मी बोलते तेव्हा ती नम्रपणे मान हलवते. सुरुवातीला वाईट वाटायचे. आता तिची पाळी असेल तर मी आधी तिलाच पाठवते आणि स्वतः उशा आणून देते.

मनवा | १३ ऑगस्ट, २२:०२

वैदेहीताई, त्या रविवारच्या खोलीतल्या आजींचे पुढे काय झाले? त्यांच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, आणि मला त्यांच्याच बाजूला बसल्यासारखे वाटत राहिले.

वैदेही_अटलांटा | १४ ऑगस्ट, ०७:०५

मनवा, बरे झाले विचारलेस. चमच्यातला चीक बाळाला पाजून झाल्यावर आजी माझ्या मागोमाग बाहेर आल्या. मला वाटले, रागावतील. त्यांची स्वतःची बाळंतपणे १९८० च्या दशकातली. त्यांनी सांगितले, की दोन्ही वेळा परिचारिकेने गोळ्या आणून दिल्या, छाती घट्ट बांधली आणि बाटली हातात दिली. पाजणार आहेस का, असे कोणी विचारलेच नाही. त्या काळी दूध आटवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन सर्रास देत, आणि या वापरासाठी ते १९९४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. आजींना गोळीचे नाव माहीत नव्हते. तीन दिवस छाती दगडासारखी झाली होती, एवढे मात्र त्या आजही हाताने दाखवत होत्या.

मग त्यांनी मला विचारले, की दर दोन-तीन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा का? मी हो म्हटले. त्यांनी पर्समधून एक जुनी पावती काढली, तिच्या पाठीवर वेळा लिहून घेतल्या आणि शेवटच्या दोन वेळांपुढे स्वतःचे नाव लिहिले, म्हणजे त्या वेळी लेकीला उठवायचे काम त्यांचे. सोमवारी सकाळी मी गेले तेव्हा पाळण्याखालच्या खणात दोन बाटल्या तशाच होत्या आणि पावती खाटेच्या कठड्याला चिकटपट्टीने लावलेली होती.